बोईसरमधल्या एकट्या बायका

पान उघडलं तेव्हा भाविकाच्या खुर्चीमागे मेहुलशेठ उभा होता आणि त्याच्या मागे वापीहून आलेली दोन गिऱ्हाइकं. रंगाच्या नव्या मालाचा तपासणी-दाखला त्यांना दाखवायचा होता. तिनं नेहमीच्या सवयीनं ब्राउझरच्या चिन्हावर टिचकी मारली आणि रोजच्या पांढऱ्या पानाऐवजी पडदाभर एक बाई आली. ओले केस, खांद्यावरून काहीतरी घसरत चाललेलं, आणि डोक्यावर हिंदीत लुकलुकणारी लाल अक्षरं : बोईसर की अकेली औरतें आपका इंतज़ार कर रही हैं. भाविकानं फुलीवर टिचकी मारली तर फुलीच्या पोटातून दुसरं पान निघालं, दुसरी बाई, तीच अक्षरं. मागे एक गिऱ्हाईक नाकातून हसलं. दुसऱ्यानं खोकल्यासारखं केलं. मेहुलशेठ तिच्यापेक्षा वयानं बराच लहान, बापाच्या कारखान्यात परवापरवा खुर्चीवर बसलेला, तो गोड आवाजात म्हणाला, "भाविकाबेन, घरचे उद्योग घरी हं." आणि मग तिघंही हसले, मोकळेपणानं, पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसतात तसे. दाखला शेवटी उघडला. तो बघताना कुणाचंच लक्ष दाखल्याकडे नव्हतं.

पण भाविकाच्या मनात रुतून बसलं ते हसणं नव्हे. शेजारच्या टेबलावरची सपना हसली नव्हती. तिनं कानातली गाणी ऐकायची एक गोळी काढली, पडद्याकडे पाहिलं, भाविकाकडे पाहिलं, गोळी परत कानात घातली आणि बिलं टाइप करायला लागली. जणू असं काही होणार हे तिला ठाऊकच होतं. भाविका दिवसभर त्या नजरेला उलटंपालटं करत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं, हसणाऱ्याला शिवी तरी देता येते. सपना होळीनंतर कामाला लागली होती. मनोरकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, बापाचं नाव सुका, वर्षातले कोरडे महिने वीटभट्टीवर जाणारा. पोरगी मात्र पालघरच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेली आणि कुंभवलीत खोली करून राहिलेली. पहिल्या आठवड्यातच भाविकानं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, सुक्या बोंबलाचं कालवण होतं, तर सपना शांतपणे उठली आणि खिडकी उघडून आली. बाहेरून आम्लाचा उग्र भपकारा आत शिरला, घसा खवखवला, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं खिडकी लावली नाही. दुसऱ्या दिवशी भाविकानं मुद्दाम जवळ्याची चटणी आणली. सपनानं पुन्हा खिडकी उघडली. तेव्हापासून सुट्टीत दोघी त्या विषारी वाऱ्यात बसून जेवायच्या, आणि माघार घ्यायला कुणीच तयार नव्हतं.

त्या संध्याकाळी भाविकानं चष्मा लावून सेटिंग उघडली. कुणाला विचारणं शक्यच नव्हतं. कारखान्यात पहिला संगणक आला तो तिच्या टेबलावर, बाकीचे त्याला हात लावायला घाबरत होते तेव्हा ती एकटी त्याच्याशी झटत होती. 'सुरू होताना' असं जिथं लिहिलं होतं तिथं रोजच्या पत्त्याच्या जागी एक लांबलचक, अक्षर-आकड्यांचा, तोंडात न मावणारा पत्ता बसला होता. तिनं तो पुसला. बघितलेल्या पानांचा इतिहास पुसला, साठवलेलं सगळं पुसलं, मेलचा जुना पासवर्ड बदलून नवा टाकला. ब्राउझर बंद करून उघडला, पांढरं पान आलं. घरातून विंचू झाडून काढल्यावर वाटतं तसं तिला वाटलं. सकाळी उघडलं तर विंचू जागच्या जागी. नवी बाई होती, भुवई उंचावलेली, आणि बोईसर हा शब्द आता आणखी मोठा. तिनं पुन्हा पुसलं. दुपारी जेवून आली तर कोपऱ्यात एक चौकोन टुणकन वर आला, तुमचा संगणक धोक्यात आहे म्हणाला आणि पुन्हा बुडाला. त्याला गाव कसं कळलं, हे तिला समजत नव्हतं. पाम गावात राहणारी, कुंभवलीच्या कडेला काम करणारी, बर्फाच्या गाडीवर फिरणाऱ्या दर्पणची बायको. दिवसातला निम्मा वेळ ती खरोखर एकटी असते हे कुणाला माहीत? ते पान कुठल्याही माणसाकडे न बघता सगळ्यांना तेच सांगत असेल, हे तिच्या डोक्याला पटत होतं. पोटाला पटत नव्हतं. पोट म्हणत होतं, हे कुणीतरी आणून ठेवलंय. आणि प्रिंटरची तार तिच्याच मशीनला होती. ती साडेपाचला निघाली की सपना तिच्या खुर्चीत बसायची, बिलं छापायची. रोज.

दर्याकाठच्या मुरब्याला भाविकाच्या माहेरच्या आंगणात, आई हंसा बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायची, तेव्हा डोंगरातल्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरायच्या. मोळीच्या बदल्यात सुकी मासळी. त्यांच्यात भागी नावाची एक होती, उंच, काळीशार, कुणाशी न बोलणारी. ती आली की आई छोट्या भाविकाला कुजबुजायची, "नजर ठेव गं." एवढंसं पोर टोपल्याशी राखण बसायचं आणि भागीच्या हातांकडे एकटक बघायचं. एके दिवशी आईनं सगळ्या आळीसमोर भागीचा पदर ओढला आणि ओच्यातून मूठभर जवळा जमिनीवर सांडला. खराच सांडला. आईचा चेहरा उजळला, "बोललेली ना मी?" भागीनं खाली बघितलं नाही, ओशाळली नाही. ती भाविकाकडे बघत राहिली, कारण आईला डोळ्यांनी खूण भाविकानंच केली होती. मूठभर जवळा. तेवढा तर आई कावळ्यांना सोडायची. पण त्या दिवसापासून एक गोष्ट भाविकाच्या हाडात बसली की संशय आला म्हणजे तिथं काहीतरी असतंच, पदर ओढायची तेवढी तयारी पाहिजे. भागीचे डोळे मात्र तिनं कुठंतरी खोल दडपून टाकले होते. ते आता, या वयात, कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली, कानात गोळ्या घातलेल्या एका पोरीच्या तोंडावर परत उगवले होते आणि त्याचा तिला सपनाचाच राग येत होता.

"माझ्या मशीनवर तू काय करतेस गं संध्याकाळी?" तिनं एकदा विचारलंच.

सपनानं एक कान मोकळा केला. "प्रिंट काढते."

"अजून?"

"अजून काय करू? पाय दाबू त्याचे?"

"सरळ बोल. मी तुझ्या आईच्या वयाची हाय."

"माझी आई असं विचारत नाय," सपना म्हणाली. "ते घाणेरडं पान मी लावलं असं म्हणायचंय ना तुमाला? मग तसं बोला. वळसे कशाला?"

"मी कुठं बोलली तसं?"

"तोंडावर लिहिलंय तुमच्या," असं म्हणून तिनं गोळी कानात कोंबली आणि कळफलक एवढ्या जोरात बडवायला लागली की पलीकडचा पॅकिंगवाला भैया दारातून डोकावून गेला.

दर्पणला सांगायचं नाही असं ठरवूनही तिनं सांगितलं. तो ओट्यावर पाय सोडून बसला होता, बर्फानं पांढरे पडलेले तळवे चोळत. ऐकताना त्याला हसू आवरेना. "बोईसरच्या एकट्या बायका? पत्ता देतात का?" मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अगं, मशीन हाय ते. त्याच्यात कायपण येतं. सोड ना." पण सोडायचं म्हणजे काय करायचं हे त्यानं सांगितलं नाही. भात रटरटत होता आणि तिला त्याच्या हसण्यात वापीच्या गिऱ्हाइकांचं हसणं ऐकू येत होतं, तोच नाकातला सूर. हा माणूस सातपाटीच्या धक्क्यावर बोटवाल्यांच्या घोळक्यात उभा राहून ही गोष्ट सांगेल, नाव न घेता सांगेल, आणि ते सगळे असेच हसतील, असं तिच्या डोळ्यांसमोर आलं. आपल्याला एकटी म्हणणारं ते पान खोटं बोलत नाही, असं क्षणभर वाटून गेलं. त्या क्षणाची शिक्षा कुणाला तरी व्हायला हवी होती.

ती मेहुलशेठच्या केबिनमध्ये गेली तेव्हा तिनं फार थोडं बोलायचं ठरवलं होतं. मी गेल्यावर माझ्या मशीनवर कोण बसतं ते बघा, एवढंच. पण त्यानं खुर्ची पुढे केली, "बसा ना, भाविकाबेन," म्हणाला, पाणी मागवलं. इतक्या वर्षांत तिला त्या केबिनमध्ये कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मग ती बोलत गेली. पोरगी काहीबाही बघत असते. कानात घालून असते, काय ऐकते देव जाणे. खोलीवर कोणकोण येतं. हे शेवटचं तोंडातून निघालं तेव्हा ती स्वतःच दचकली, कारण सपनाची खोली तिनं बघितलेली नव्हती. मेहुलशेठ मान हलवत होता. "मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "फार प्रश्न विचारते. कायम कधी करणार, सुट्टी का नाही. बरं झालं तुम्ही सांगितलंत." बाहेर येताना तिला हलकं वाटलं आणि त्याच वेळी तोंडात आम्लाची चव आली. ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकी बंद होती.

शनिवारी सपनाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. केबिनमधून आवाज बाहेर आला नाही. ती आली, टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, फोनची तार गुंडाळून पिशवीत टाकली. पॅकिंगवाले काम थांबवून बघत होते. भाविका पडद्यात डोळे घालून बसली होती. सपना तिच्या टेबलाशी थांबली आणि तिला वाटलं, आता ही ओरडेल, रडेल, शाप देईल. ती नुसती म्हणाली, "उद्या ते पान परत उघडेल, तेव्हा कोणाचं नाव घ्याल?" आणि फाटकाकडे चालू लागली. कबुलीच दिली की बाईनं, असं भाविका मनाशी म्हणाली. हेच ती त्या दिवशी घरी जाताना टमटममध्ये म्हणत राहिली, मासळी साफ करताना म्हणत राहिली. धमकी देऊन गेली. आत काहीतरी पेरून गेली.

सोमवारी पान उघडलं. शेजारचं टेबल रिकामं होतं आणि पडद्यावरची बाई हसत होती. भाविकाला आधी आनंद झाला, हे विसरायला नको. बघा, पेरून गेली ना! आता ते शोधून काढायचं आणि मेहुलशेठला दाखवायचं, म्हणून तिनं ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या, आजवर कधी न दाबलेल्या, कोड्याच्या तुकड्यासारख्या खुणेवर टिचकी मारली. जोडलेल्या उपऱ्या गोष्टींची यादी उघडली. यादी कसली, एकच नाव होतं. निळ्या कागदाचं चित्र आणि खाली : फुकट पीडीएफ जोडा. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. नारळी पुनवेचा दिवस आठवला. मुरब्याला सगळी आळी दर्यावर जमलेली, आई फोनवर म्हणत होती, "तू कशी नाय येत गं," आणि ही आख्ख्या ऑफिसात एकटी, कारण माल जायचा होता. माल गेल्यावर रिकामा वेळ राहिला म्हणून दर्पणच्या परवान्याचे कागद जोडायला बसली होती. साइट म्हणाली, हे आधी बसवा. मग एक चौकोन आला होता : तुम्ही भेट द्याल त्या सगळ्या पानांवरचा मजकूर हे वाचू आणि बदलू शकेल. खाली निळं बटण. वैतागात होती, बाहेर कुठेतरी फटाके वाजत होते, तिनं वाचलं आणि दाबलं. वाचून दाबलं. मग ते कित्येक आठवडे गप्प बसलं होतं, पाहुणा नव्या घरात आधी गप्प बसतो तसं.

नावापुढची कळ तिनं डावीकडे सरकवली, निळी होती ती राखाडी झाली. सुरू होतानाचा पत्ता पुसला, ब्राउझर बंद केला, उघडला. पांढरं पान. कळ उजवीकडे सरकवली, बंद केला, उघडला. बाई. डावीकडे, पांढरं. उजवीकडे, बाई. तिला थांबता येईना. प्रत्येक वेळी कुठंतरी आशा होती की आता चुकेल, कळ बंद असूनही बाई येईल, म्हणजे सपनाचा हात सिद्ध होईल. यंत्र एकदाही चुकलं नाही. भैया बिलाला आला, म्हणाला, "मॅडम, वो सपना मॅडम वाला काम अब कौन करेगा?" ती म्हणाली, "जाओ यहाँ से." त्याच्यामागे दार आपटलं. तिला सपनाचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. एवढी निर्दोष होती तर भांडली का नाही? आपल्याला दोन थोबाडीत का मारल्या नाहीत? मग तिनं ते नाव काढून टाकलं, खात्री आहे का असं विचारल्यावर हो म्हणाली, आणि केबिनकडे गेली.

या वेळी मेहुलशेठनं बसा म्हटलं नाही. फोनवरच बोलत होता, हातानं काय म्हणून विचारलं. "ते पान माझ्याच हातानं आलेलं," ती म्हणाली. "सपनाचा काय संबंध नाय."

"बंद झालं ना आता?"

"झालं. पण ती—"

"मग झालं." त्यानं फोन छातीशी धरला आणि हसला, तसंच गोड. "भाविकाबेन, ती जाणारच होती हो. मला फक्त कारण पाहिजे होतं. तुमचं नाव सांगितलं, काम सोपं झालं. लेडीजनीच तक्रार केली म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

ती परत खुर्चीत येऊन बसली. पांढरं पान समोर होतं आणि त्याच्यात आपला चेहरा दिसेल म्हणून तिनं वर बघितलं नाही. आजवर तिनं ज्याला आपलं वजन समजलं, ती खुर्ची, तो पाण्याचा ग्लास, ते सगळं कुणीतरी तिच्या हातात दिलेलं हत्यार होतं, आणि मूठ दुसऱ्याच्याच हातात होती. वापीच्या गिऱ्हाइकांसमोर ती लाजली होती. आता लाज नव्हती. राग होता, आणि पहिल्यांदाच तो सपनाकडे रोखलेला नव्हता.

फोन सपनानं दोन आठवडे उचलला नाही. कुंभवलीच्या नाक्यावर विचारत विचारत भाविका खोलीपर्यंत पोचली. सपना दारात कपडे वाळत घालत होती. बोलावलं नाही, हातातलं कामही थांबवलं नाही. खोलीत दोन पोरी होत्या, पुस्तकं घेऊन बसलेल्या, बस. कोणकोण येतं त्याचं उत्तर तेवढंच होतं. भाविकानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नारळी पुनव, निळं बटण, कळ डावीकडे, कळ उजवीकडे. केबिनमधलंही सांगितलं, स्वतः काय बोलली तेही. खोलीबद्दल बोलली ते सगळ्यात शेवटी सांगितलं.

सपनानं ओढणी झटकली. पाण्याचे थेंब भाविकाच्या तोंडावर उडाले. "माफी मागायला आलात?"

"नाय," भाविका म्हणाली, आणि ते खरं होतं. "सांगायला आली."

"मला काय सांगता? मला माहीतच होतं मी नाय केलं ते." मग ती पहिल्यांदा वळली. "पालघरला कामगार खात्यात अर्ज टाकलाय मी. सुनावणी हाय. शेठ तिथं म्हणणार, एका बाईनं तक्रार केली. त्या बाईनं तिथं यावं आणि हे बोलावं. याल?"

भाविकाच्या डोक्यात दर्पण आला, बर्फानं सुरकुतलेले त्याचे तळवे आले, आणि शेजारचं रिकामं टेबल, ज्याच्या जोडीला आता तिचंही टेबल रिकामं होईल. "येईन," ती म्हणाली.

"बघू," सपना म्हणाली आणि पुढचा कपडा उचलला.

सुनावणीच्या सकाळी मेहुलशेठचा फोन आला. ती जाणार हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. आवाज गोड नव्हता. आज तिकडे गेलात तर उद्या इकडे यायचं कारण नाही, एवढंच म्हणाला. दर्पण ऐकत होता. तो हसला नाही. "सोडतो तुला पालघरला," म्हणाला, "गाडी तिकडेच जातेय." तिला ते बरं वाटलं की वाईट हे ठरवता आलं नाही. कचेरीच्या व्हरांड्यात एकच बाक होता. एका टोकाला सपना बसली होती, कानात गोळ्या. भाविका दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा राहिली आणि ती तशीच राहिली. भाविकानं पिशवीतून डबा काढला नाही. सपनानं तिच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर भाविकाला ती पोरगी अजूनही आवडत नव्हती, तिची मान, तिचं ते ताठ न बोलणं, सगळं डोक्यात जात होतं. उद्यापासून आपल्याला काम नाही ते हिच्यामुळे, असंही मनात येऊन गेलं आणि तिनं ते येऊ दिलं. आत बोलावणं आलं. टेबलापलीकडच्या अधिकारी बाईंनी आधी कारखान्याच्या वकिलाचं ऐकलं, मग चष्म्यावरून भाविकाकडे बघितलं.

"अर्जदाराशी तुमचा काय संबंध?"

"एका ऑफिसात होतो."

"मैत्रीण? नात्यातली?"

"नाय," भाविका म्हणाली. "आमचं पटत नाय." शेजारी सपनानं कानातल्या दोन्ही गोळ्या काढून मुठीत धरल्या. भाविकानं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "तिच्याबद्दल मी शेठला जे जे बोलली, ते सगळं खोटं होतं. आता काय काय बोलली ते ऐका."